पिन अडकते ती जागा

मी तक्रार करायला गेलो होतो. रुग्णाच्या खुर्चीत जाऊन निजलो कसा, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

माझे काम घरी बसून करण्याचे. लोकांच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या रेकॉर्ड मी संगणकात उतरवून देतो. हवी असल्यास सीडीही करून देतो. या कामाला घाई चालत नाही. बावीस मिनिटांची बाजू उतरवायला बावीस मिनिटेच लागतात, आणि तेवढा वेळ जमिनीला धक्का बसून चालत नाही. कारण गाणे आणि हादरा यांतला फरक पिनेला कळत नाही, ती दोन्ही सारख्याच निष्ठेने टिपते. अशा माणसाच्या बरोबर खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना असावा, त्यात एक कॉम्प्रेसर असावा, आणि त्याने दर दहा मिनिटांनी घरघरत उठावे... एका हळव्या गाण्याचा शेवट त्याने सलग चौथ्यांदा बुडवला, तेव्हा मी पायांत चपला सरकवल्या आणि जिना उतरलो. उतरता उतरता वाक्ये जुळवली. चांगली कठोर जुळली होती.

दवाखान्यात बाहेर बसणाऱ्या बाईंनी माझ्या चेहऱ्यावरची वेदना तेवढी ओळखली आणि मला थेट आत नेले. खुर्ची मागे कलली. वरून एक दिवा आला आणि दिव्यामागून, मास्कच्या वर, दोन डोळे... दमलेले, तरीही हसरे.

"आ करा."

"मी वरच्या मजल्या—"

"आ."

मी आ केला. त्या कठोर वाक्यांपैकी एकही बाहेर आले नाही. आत मात्र एक छोटा आरसा गेला.

"उजवीकडची अक्कलदाढ किडलीये. कधीपासून दुखतंय?"

"दुखत नाहीये. मी वर राहतो. तक्रार करायला आलोय."

"मग आधी सांगायचं ना. मी दाढ काढायच्या बेतात होते."

तिने मास्क खाली ओढला. ती हसत होती, आणि मी रागावायचे विसरलो, याचाच मला पुढे आठवडाभर राग येत राहिला.

तह झाला. दुपारी दोन ते चार दवाखाना बंद असतो. तेवढा वेळ कॉम्प्रेसरही बंद राहील. तिसऱ्या दिवशी बरोबर दोनच्या ठोक्याला ती कापडी पिशवी घेऊन दारात उभी. "बाबांच्या नऊ रेकॉर्ड आहेत. शांतता मी दिलीये, तर पहिला हक्क माझा."

स्वस्थ बसणे हे तिच्या स्वभावात नव्हते. ती चालायची ती जमीन दणाणत.

"बसा."

"बसलेय की."

"पाय हलतोय."

"पाय माझा आहे."

"पिन माझी आहे. उडाली बघा. आता पुन्हा पहिल्यापासून."

"तुमचं आयुष्य असंच जातं का हो? पुन्हा पहिल्यापासून?"

एकेका बाजूला दोन-दोन दुपारी लागल्या. मी वैतागत होतो, कपाळाला हात लावत होतो, आणि दीड वाजल्यापासून जिन्याकडे कान लावून बसत होतो. सहाव्या रेकॉर्डच्या वेळी ती सहज म्हणाली, "महिनाअखेरीला दवाखाना हलवतोय आम्ही. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. सुटलात."

याच सुटकेसाठी मी किती दिवस देव पाण्यात घालून बसलो होतो. "हो का," एवढेच म्हणालो. मनातले ओठांपर्यंत यायला माझ्याकडे नेहमीच फार जिने लागतात. पुढचे दोन दिवस मला चहा पांचट लागला, पंख्याचा आवाज खुपला, आणि उरलेल्या तीन रेकॉर्डही कमी वाटू लागल्या.

नवव्या रेकॉर्डवर एक खोल ओरखडा होता. 'सांग ना' या दोन शब्दांवर पिन अडकायची आणि तेच तेच म्हणत राहायची. जाताना तिला काही देता येईल तर निर्दोष गाणे, असे ठरवून मी तीन दिवस कानांवर हेडफोन चढवून ती जागा बुजवली. कुणाला शिवण सापडली नसती. सीडी दिली. दुसऱ्याच दुपारी तिने ती माझ्या टेबलावर परत आपटली.

"बाबांना नकोय ही."

"वाजत नाही?"

"वाजते. अडकत नाही."

"अडकणं मीच काढलंय."

"कुणी सांगितलं होतं? किडक्या दातासोबत मी शेजारचा चांगला दात उपटते का?" ती खुर्चीत बसली. मग आवाज उतरला. "तिथं गाणं अडकलं, की आई असेल तिथून उठून पिन उचलायला यायची. बाबा शेजारी बसलेले, पण हलायचे नाहीत. मुद्दाम. ती चिडायची, म्हणायची, हात लांब केला तर झिजेल का तुमचा? आई जाऊन चार वर्षं झाली. त्या जागेशी बाबा अजून दाराकडे बघतात. काल गाणं सरळ पुढे निघून गेलं. म्हणाले, हे दुसऱ्या कुणाच्या घरचं गाणं आहे."

मला त्या क्षणी सर्वांचा राग आला. सर्वांत जास्त माझ्या कसबाचा.

"पुन्हा उतरवतो," मी म्हणालो. "पण सीडी थांबवायला कुणी उठून येत नसतं. किती वेळा अडकू द्यायचं, तो आकडा सांगा."

तिने तिथूनच फोन लावला. वडिलांचा आवाज खोलीभर ऐकू आला. "ती कुठं असेल त्यावर आहे. स्वयंपाकघरातून आली तर आठ. गच्चीवरून आली तर वीस."

"एक काहीतरी ठरवा ना, बाबा."

"का ठरवू? दोन्ही करायला सांग त्याला. तोच ना, आ करून बसलेला? ज्याचं तू रोज जेवताना—"

तिने फोन बंद केला आणि पिशवीत उगाच काहीतरी शोधत राहिली.

महिन्याच्या शेवटच्या दुपारी आम्ही ती बाजू पुन्हा उतरवायला लावली. खाली खोकी बांधली जात होती. ती, आयुष्यात प्रथमच असावे, निश्चल बसली होती. पिन ओरखड्याशी आली. सांग ना... सांग ना... आठ झाले. वीस झाले.

"वीस झाले. उचला."

मी हललो नाही.

"अहो, रेकॉर्ड झिजेल."

"उद्यापासून खाली शांतता असेल," मी म्हणालो.

"तेच हवं होतं ना तुम्हाला?"

"मला ती... नकोय."

"मग काय, कॉम्प्रेसर ठेवून जाऊ?"

सांग ना... सांग ना...

"तुम्ही—"

"तुम्ही काय? किती अडखळता हो."

"तू," मी म्हणालो. "तू जाऊ नकोस. म्हणजे दवाखाना जाऊ दे. तू येत राहा."

ती ताडकन उठली. दोन पावलांत माझ्यापाशी आली. जमीन हादरली, पिन उडाली आणि गाणे आपोआप पुढे निघाले.

"बिघडलं बघ," ती म्हणाली. माझा हात मात्र तिने सोडला नाही.

त्या रविवारी सीडी घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. वडिलांनी आठांचे गाणे ऐकले, विसांचे ऐकले, दोन्ही वेळा दाराकडे पाहिले आणि समाधानाने मान हलवली. त्या दुपारी उतरले तसेच तिसरे गाणेही ठेवायचा आग्रह तिचा होता. त्यात आमचे बोलणे कुठेच नाही. पिनेला माणसांचे शब्द ऐकू येत नाहीत. फक्त चौतीस 'सांग ना' आणि एक हादरा.

वडील बोटांवर मोजत होते. मोजता मोजता वैतागले. "चौतीस? एवढा वेळ तिला कधीच लागला नाही. कुठं गेली होती ती?"

"ती आई नव्हे, बाबा," ती म्हणाली. "हा होता."