पाळणाघराच्या फरशीवरचा पारा

अन्वीआत्याने केरसुणीचे दोन-चार फटकारे मारले आणि फरशीवर सांडलेली चांदी दिसेनाशी झाली. दारात उभ्या असलेल्या मिथिलाला मात्र कोडे पडले. चांदी गेली कुठे? सुपलीत तर चिमूटभरही आली नव्हती.

गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत आता धुराडी उरली नव्हती. बंद पडलेल्या कारखान्यांची वाचनालये झाली होती, नाटकाच्या तालमी तिथे चालत. अशाच एका दालनात आत्या उद्या सकाळी पाळणाघर उघडणार होती. कोणते पाहुणे नक्की येणार, कोण 'येतोच' म्हणून येणार नाहीत आणि कोण न बोलावता बरोबर पेढ्यांच्या वेळी उगवणार, हे तिला तोंडपाठ होते. पाळणाघरात पहिले नाव होते मिथिलाच्या भावाचे, चिकूचे. तो नुकताच रांगू लागला होता.

भिंतीवर कारखान्याच्या काळातले एक दाबमापक (वायूचा दाब मोजणारे यंत्र) उरले होते. ते उतरवताना काचेची नळी फुटली आणि आतला पारा खाली सांडला. पारा म्हणजे साध्या तापमानालाही पातळ राहणारा धातू. त्याचे गोल, जड, झळझळीत थेंब असे काही लोळत सुटले की मिथिलाचा हात आपोआप पुढे झाला. आत्याने तिला मागे ओढले आणि उद्घाटनासाठी आणलेली, हळदकुंकू लावलेली नवी केरसुणी फरशीवर चालवली. मग नियम आहे म्हणून सुरक्षा केंद्राला कळवले.

केंद्रातून एक यंत्रमानव आला. घाई कशी ती त्याला ठाऊक नव्हती, म्हणून सारी वसाहत त्याला सावकाशराव म्हणे.

"झाडून झालंय सगळं," आत्या म्हणाली. "तुम्ही फक्त ठीक आहे म्हणा आणि निघा."

"म्हणतो की. आधी तो पंखा बंद करा. दारापर्यंत कागद अंथरलाय. चपला तिथेच सोडा आणि कागदावरून बाहेर या."

"नव्या चपला आहेत हो."

"दिसतंय," सावकाशराव म्हणाले आणि हलले नाहीत. शेवटी आत्याच हलली.

सावकाशरावांनी इमारतीच्या आतल्या बाजूची दारे लावली आणि मागच्या खिडक्या उघडल्या. मिथिला आणि आत्या अंगणात उभ्या राहून बंद खिडकीच्या काचेतून पाहू लागल्या. तिन्हीसांज झाली होती. दालनात अंधार साचत चालला होता. सावकाशराव खाली बसले आणि त्यांनी विजेरी फरशीवर आडवी ठेवली.

फरशीचे आभाळ झाले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बारीक, रुपेरी तारे लुकलुकू लागले. काही फटींत दाटीवाटीने बसले होते, तर काही एकटेच दूर गेले होते. जिथे जिथे केरसुणी फिरली होती, तिथे तिथे आकाशगंगेसारखा पट्टा उमटला होता. मिथिलाला वाटले, खिडकी उघडून त्यात पाऊल टाकावे आणि तरंगत जावे.

"आत्या, तू तर झाडलं होतंस ना?"

"झाडलं नाही, पेरलं," दारावरच्या ध्वनिवर्धकातून सावकाशराव म्हणाले. "मिथिलाताई, एका लाडवाला मुंग्या लागल्या तर त्या कुठून खातात?"

"बाहेरून."

"आणि लाडवाचा चुरा झाला तर?"

"मग सगळीकडूनच खातील."

"हवेचंही तसंच. पाऱ्याचं हळूहळू बाष्पीभवन होतं (द्रवाची वाफ होऊन ती हवेत जाते). ती वाफ निघते पृष्ठभागावरून (हवेला लागलेल्या बाजूवरून). एका थेंबाचे हजार सारखे थेंब केले तर पारा तेवढाच राहतो, पण पृष्ठभाग दहापट होतो. वजनकाट्याला काही फरक पडत नाही. फुप्फुसांना पडतो, कारण ही वाफ विषारी आहे. तिला रंग नाही की वास नाही."

आत्याचा आवाज खाली आला. "पण उद्या... पाहुण्यांना काय सांगू? थोडा वेळच तर थांबतील ते."

"पाहुणे उभे राहतात. चिकू रांगतो. पाऱ्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खालीच रेंगाळते. त्याचं नाक नेमकं तिथे असतं."

आत्याने फोन काढला. "नाही हो, उद्या नाही. कधी ते माझ्या हातात नाही. हो, चूक माझीच." तोच मजकूर ती एकेकाला सांगत होती. रागावणारे रागावले. पेढ्यांच्या वेळी उगवणाऱ्या मंडळींनी सगळ्यात जास्त हळहळ व्यक्त केली.

आत सावकाशराव जाड कागदाच्या तुकड्याने एक तारा दुसऱ्याकडे हलकेच लोटत होते. दोघांचा स्पर्श होताच एकच थेंब होई.

"लाडू परत वळतायत," मिथिला पुटपुटली.

"त्याला पृष्ठताण म्हणतात (द्रवाला कमीत कमी पृष्ठभागात आवळून धरणारी ओढ). झाडू त्याच्याविरुद्ध जातो, आपण त्याच्याबरोबर जायचं." मोठे थेंब त्यांनी पिचकारीने शोषून जाड बरणीत सोडले. बारके चिकटपट्टीने उचलून घेतले. फटींत गंधकाची पिवळी भुकटी भरली. पारा गंधकाशी बांधला गेला की त्याची वाफ जवळजवळ होत नाही. मग त्यांनी केरसुणी उचलली.

"अहो, लक्ष्मी आहे ती," आत्या कळवळली.

"म्हणून तर दोन पिशव्यांत ठेवतोय," सावकाशराव म्हणाले.

त्यानंतर ते रोज येत आणि फरशीवर पालथे पडून, चिकूच्या नाकाच्या उंचीवर वाफ मोजत. आकडा उतरत उतरत एकदाचा निर्धोक रेषेखाली गेला आणि तिथेच टिकला.

"बरणीतल्या पाऱ्याचं काय होणार?" मिथिलाने विचारले.

"तोही गंधकात बांधून खोल जमिनीखाली ठेवतील. खाणीत तो बहुतेक गंधकाबरोबरच सापडतो. माणसांनी त्याला उठवला होता, आता पुन्हा झोपवायचा."

"जगातला सगळा?"

"वेळ लागेल. माणसंही लागतील."

"मी येईन," मिथिला म्हणाली.

पाळणाघर सकाळीच उघडले होते आणि आता दुपार झाली होती. आत दालनात फरशीवर गोधड्या अंथरल्या होत्या आणि चिकू पालथा पडून, जमिनीला नाक लावून, शांत झोपला होता.