तिसरं नाणं

रविवारी दुपारी जेवणं उरकली, भांडी घासून पालथी घातली, की ताई आणि बारक्या मारामारीला बसायचे. दोघंही चाळिशीला टेकलेले, पण बसायचे लहान पोरांसारखे खांद्याला खांदा लावून. टेबलावर दोन जॉयस्टिक, समोर कॉम्प्युटर, ताई डावीकडे आणि बारक्या उजवीकडे. ही वाटणी शाळेपासूनची होती.

खेळही तेव्हाचाच. कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्या पेट्या असत, नाणं टाकलं की पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना बुकलून काढत, त्यातला. दुकान कधीच बंद पडलं, पेट्या भंगारात गेल्या. पण बारक्याने कुठूनसा एम्युलेटर मिळवला. म्हणजे असा प्रोग्रॅम, की कॉम्प्युटरला त्या जुन्या पेटीचं हुबेहूब सोंग घ्यायला लावतो. इतकं हुबेहूब, की सुरुवातीला नाणंही टाकावं लागतं. खरं नव्हे, कीबोर्डवरचं एक बटण दाबायचं, की खळ्ळकन आवाज येतो. एक ताईचं, एक बारक्याचं.

ताईला दिसत नव्हतं. तीनेक वर्षांपूर्वी नजर अधू होत होत गेली ती गेलीच. त्या पहिल्या वर्षात ती भिंतीकडे तोंड करून पडून असायची, आणि बारक्या आपलं बिऱ्हाड गुंडाळून तिच्याकडे राहायला आला नसता तर तिचं काय झालं असतं देव जाणे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, संध्याकाळी हाताला ग्रीसचा वास घेऊन घरी यायचा. हा खेळ त्यानेच हुडकला, कारण यात आवाज जागेप्रमाणे कानात वाटून येतो. पैलवान डावीकडे असला की डाव्या कानात, उजवीकडे गेला की उजव्या. बुक्कीचा हुंकार वेगळा, लाथेचा वेगळा, उडी मारून खाली आल्याचा धप्प वेगळा. हेडफोन लावून ताई ते सगळं शिकली, आणि महिनाभरात बारक्याला असं धुवायला लागली की तो म्हणायचा, "तुला दिसत होतं तेव्हा तरी जरा माया होती गं!" ती हसायची. पुन्हा इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर कामाला जाऊ लागली ती त्यानंतरच.

त्या रविवारी नाणं तीनदा वाजलं.

"दोघांत तिसरं कशाला टाकलंस?" ताईने विचारलं.

"दोनच टाकली."

"बोट घसरलं असेल मग."

"असेल," बारक्या म्हणाला, आणि डाव सुरू झाला.

पहिल्याच फेरीत ताईचा हात अडखळला. तिचा पैलवान डाव्या कानात होता. बारक्याचा उजव्या कानात, लांब. पण त्याच्याही पलीकडे कुणीतरी चालत होतं. खेळातल्या पैलवानांची पावलं घड्याळासारखी सारखी पडतात, सगळ्यांची तीच. याचं एक पाऊल पडायचं आणि दुसरं पडायला किंचित उशीर व्हायचा. विचार करून टाकल्यासारखं.

"तुझ्यामागे कोण आहे रे?"

"माझ्यामागे? कपाट."

"खेळात, बावळटा."

"खेळात दोघंच असतात, ताई. पडद्यावर दोघंच आहेत. तुझे कान वाजताहेत."

तिलाही तसंच वाटलं. दिवसभर फोन ऐकून कानांची वाट लागायचीच. पण पुढच्या रविवारी तीच पावलं बारक्याच्या अगदी पाठीशी येऊन थांबली, आणि मग बुक्कीचा हुंकार आला. ताईचा नव्हता, बारक्याचाही नव्हता.

"अगं, हे कुठून मारलंस?" बारक्या ओरडला. "तू तर त्या टोकाला आहेस!"

ताईने मारलंच नव्हतं. तिने तसं सांगितलं. मग हेडफोन आपल्या कानाला लावून त्याने संगीत बंद केलं, गर्दीचा गलका बंद केला, शेवटी सगळाच आवाज बंद केला. "काही नाही," तो म्हणाला. हेडफोन परत घेऊन तिने कानाला लावला. एक पाऊल पडलं. थोड्या वेळाने दुसरं पडलं.

खालच्या मजल्यावरच्या काकू संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या. "दुपारचा जरा डोळा लागतो बाई आमचा," त्या म्हणाल्या. "तिघं मिळून नाचायचं असेल तर खाली मैदानात जा की!"

"आम्ही दोघंच असतो, काकू. आणि बसून असतो."

"मग मी काय खोटं बोलते?" म्हणत काकू फणकाऱ्याने गेल्या. ताई दार लावायचंच विसरली.

त्यानंतर तिला स्वस्थ बसवेना. कामावर एकाला दुसराच विभाग जोडून द्यायची, घरी आली की या खोलीतून त्या खोलीत फिरायची. त्यात बारक्या बसताना उठताना कण्हू लागला. तिने पाठीवर हात ठेवला तर तो कळवळला. बरगडीखाली सूज होती, मुठीएवढी.

"कामावर आपटलो," तो म्हणाला.

"आता खेळायचं नाही. ऐकतोयस ना? मला तो खेळ नको, काही नको. मला तू धडधाकट हवास."

"आणि परत भिंतीकडे तोंड करून झोपशील? हरून उठायचं नाही, ताई. जो कोण असेल त्याला मी बघून घेतो."

तो लहानपणापासून असाच. एकदा हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. ताईला रडू फुटायच्या बेतात होतं, पण त्याच्यासमोर तिने ते गिळलं.

रविवारी तो तिला हाताला धरून टेबलाशी घेऊन गेला. "शेवटचं. तुझी खात्री पटवतो आणि मग बंद. एम्युलेटरमध्ये प्रत्येक खेळाडूची बटणं ठरवून द्यावी लागतात. तिसऱ्याची यादी रिकामी आहे. बटण नाही तर खेळणार कसा? आता मी त्याची पहिली ओळ उघडतो. प्रोग्रॅम विचारतो, कुठलं बटण, दाबून दाखवा. मी हात वर करून बसतो. काही झालं नाही, तर कान वाजताहेत हे कबूल करायचं."

"कशाला नसत्या उठाठेवी? त्याला विचारूच नकोस."

पण त्याने ओळ उघडली होती. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत राहिला. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

टक्.

"तू दाबलंस?" ताईने विचारलं.

"नाही."

टक्. टक्. टक्. आवाज उजवीकडच्या जॉयस्टिकचा होता.

"यादी भरतेय," बारक्या म्हणाला. तो ओळी वाचू लागला. "वर, खाली, बुक्की, लाथ. सगळी माझीच बटणं घेतलीत त्याने."

"पूस ते!"

"पुसतोय. पुसलं जात नाहीये."

नाणं वाजलं. पुन्हा वाजलं. तिसऱ्यांदा वाजलं.

"ऊठ तिथून, बारक्या." तिने त्याची बाही धरून ओढली.

"थांब गं. एकच डाव. मला जमतंय."

ताईने आपल्या जॉयस्टिकवरचे दोन्ही हात काढून मांडीत घेतले. तिला वाटलं, आपण खेळलोच नाही तर डाव होणारच नाही. पण हेडफोनमध्ये झटापट सुरू झाली. सगळी उजव्या कानात, एकाच जागी. सारखी पडणारी पावलं आणि उशिराने पडणारी. शेजारी बारक्याची बटणं तडतडत होती, भराभर, इतकी भराभर तो जन्मात खेळला नव्हता. त्याचा श्वास फुलला होता.

"बारक्या?"

बटणं तडतडतच राहिली.

एक हुंकार आला. मग दुसरा.

मग कुणीतरी पडलं.

बटणं थांबली. श्वासही शांत झाला, एकदम.

"जिंकलो," बारक्या म्हणाला. आवाज त्याचाच होता. त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं, हाताला ग्रीसचा वास त्याचाच होता. "चहा टाकतो हं, ताई."

खुर्ची सरकली. तो स्वयंपाकघराकडे चालू लागला. एक पाऊल पडलं. दुसरं पडायला किंचित उशीर झाला.

ताई जागची हलली नाही. हेडफोन अजून कानावरच होता. उजव्या कानात कुणीतरी उठून उभं राहिलं, आणि चालायला लागलं, उजवी टाच जमिनीला घासत. अशी टाच घासून घासून बारक्याने लहानपणी किती चपलांची वाट लावली होती. आई मारायची, तरी ती सवय काही गेली नव्हती. पावलं पळत डावीकडे आली, तिच्या बाजूला, येता येईल तितकी जवळ, आणि भिंतीला अडल्यासारखी थांबली. मग परत गेली. परत आली.

तिने चाचपडत कॉम्प्युटरचं बटण शोधलं आणि ते तळव्याने झाकून धरलं, कुणाला बंद करता येऊ नये म्हणून.

कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"किती वेळ चालू ठेवायचं?" त्याने विचारलं. "बंद करू का आता?"

"नको."

तिच्या हातावर त्याचा हात आला. उबदार, खरबरीत, ओळखीचा. त्याने जोर केला नाही. नुसता ठेवला.

"बरं," तो मायेने म्हणाला. "तुला झोप येईपर्यंत बसू."

आणि खुर्ची ओढून तो तिच्या उजवीकडे बसला.