दोन थेंबांमधली पाच मिनिटं

डॉक्टर पहिल्यांदा माझ्या दुकानात आला, तो किल्ली करून घ्यायला. दुपारचे चार वाजले होते, पण आभाळ इतकं भरून आलेलं की मशीनवरचा दिवा लावावा लागला होता. समोरच्या जनावरांच्या दवाखान्यात तो दीड महिन्यासाठी बदली म्हणून आला होता. औषधांच्या कपाटाला किल्ली एकच, आणि ती सदैव कंपाउंडरच्या खिशात.

"याच्यासारखी आणखी एक," तो म्हणाला.

मी किल्ली मशीनला लावली. तो मात्र दाराशी बसलेल्या कुत्र्याकडे, ठोंब्याकडे बघत होता.

"याचा डावा डोळा कधीपासून मिटलेला आहे?"

"आठवडा झाला. औषध घालतेय मी."

"कोणतं?"

मी फळीवरची बाटली दिली. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली. बाबा जाऊन दोन महिने झाले होते. त्यांचे कपडे, काठी, सगळं मी देऊन टाकलं होतं. ही बाटली तेवढी राहिली. ठोंब्या त्यांचाच कुत्रा, नावही त्यांनीच ठेवलेलं. बाबांचं औषध त्यांच्या कुत्र्याच्या कामी येतंय... मला ते बरं वाटत होतं.

डॉक्टरने लेबल वाचलं आणि बाटली स्वतःच्या खिशात टाकली.

"किल्ली राहू दे. आधी याला घेऊन चला."

दवाखान्यात त्याने ठोंब्याच्या डोळ्याला रंगाची पट्टी लावली, दिवे घालवले, निळा टॉर्च धरला. बुबुळावर मटारएवढा हिरवा ठिपका चमकला.

"ही जखम. त्यात जंतू शिरलेत. तुमच्या औषधात स्टिरॉइड आहे. जखमेवर ते घातलं की जखम भरत नाही, उलट पसरते."

"म्हणजे मीच—"

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"डोळा वाचेल?"

"तीन दिवस बघू. आणखी खोल गेली तर काढावा लागेल."

त्याने आवाज मऊ केला नाही. दोन महिने सगळे माझ्याशी मऊ आवाजात बोलत होते. हा माणूस मला तिथेच थोडा आवडला असावा.

त्याने दोन बाटल्या दिल्या. एक अँटिबायोटिक, दर दोन तासांनी. दुसरी दुखणं कमी करणारी, दिवसातून तीनदा. "दोन्ही लागोपाठ घालायच्या नाहीत. मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो."

सांगणं सोपं. ठोंब्या बत्तीस किलोचा. बाटली दिसली की तो कपाटाखाली डोकं खुपसायचा आणि उरलेला कुत्रा बाहेर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी डॉक्टर किल्ली न्यायला आला तेव्हा मी जमिनीवर बसले होते, औषध माझ्या बाहीवर होतं.

"सरका," तो म्हणाला. गुडघे टेकून त्याने ठोंब्याची मान काखेत धरली. मी थेंब टाकला.

"हात हलत नाही तुमचा."

"किल्ल्या घासते ना. हात हलला की कुणीतरी स्वतःच्याच दाराबाहेर राहतं."

तो हसला. मग पाच मिनिटं. बाहेर पाऊस चालू होता, आत ठोंब्या रुसून बसला होता, आणि आम्ही दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो.

तेव्हापासून तो दिवसातून तीनदा यायला लागला. चौथ्या दिवशी जखमेतून घेतलेल्या नमुन्याच्या तपासणीचा अहवाल आला: ते जंतू पहिल्या औषधाला दाद देत नव्हते. त्याने औषध बदललं. आठव्या दिवशी हिरवा ठिपका मोहरीएवढा राहिला, आणि मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

"तुम्हाला घरीही कुणी डॉक्टर म्हणतं का?" मी एकदा विचारलं.

"कुणी नाही. आई म्हणते, ढोरांचा वैद्य. लग्न जमत नाही ते म्हणे त्यामुळेच."

"आणि खरं कारण?"

"दर दीड महिन्याला गाव बदलतं. मुलीच्या वडिलांना पत्ता कुठला द्यायचा?" तो घड्याळाकडे न बघता म्हणाला, "झाली पाच मिनिटं."

"सात झाली."

तिसऱ्या आठवड्यापर्यंत ठोंब्या शहाणा झाला. बाटली काढली की आपणच मान वर करायचा.

"आता धरावं लागत नाही त्याला," मी म्हणाले.

"दिसतंय मला."

"मग येता कशाला?"

त्याने ठोंब्याचा कान चोळला. दुसऱ्या दिवशीही आला.

त्याचा मुक्काम संपला त्या दिवशी तो बॅग घेऊनच शेवटचं तपासायला आला. हिरवा रंग आता कुठेच चढत नव्हता. जखमेच्या जागी पांढरं फूल पडलं होतं. त्याने ठोंब्याचा उजवा डोळा तळव्याने झाकला आणि मला म्हणाला, "कापसाचा बोळा त्याच्यासमोर वरून सोडा."

मी सोडला. बोळा खाली पडला. ठोंब्याची नजर हलली नाही. मी पुन्हा सोडला.

"या डोळ्याने त्याला दिसत नाही," तो म्हणाला. "डोळा राहिला. नजर नाही राहिली."

मी बोळा उचलून मुठीत धरला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"परवा."

"आणि आज सांगताय?"

"दोन दिवस तुम्ही हसत होतात. तेवढे तरी..."

"असं करायचं नाही. कळलं की त्याच दिवशी सांगायचं. मी तसंच सांगते." माझा आवाज नको तेवढा चढला. "तुम्ही जाऊ नये असं मला वाटतंय. आज सकाळी कळलं, आज सांगितलं."

तो उठला, पुन्हा बसला.

"माझं मला चौथ्या दिवशीच कळलं होतं," तो म्हणाला. "औषध बदललं तेव्हा तुम्ही रडला नाहीत. नवी बाटली किती वाजता उघडली ते झाकणावर लिहिलंत."

"म्हणजे हेही दाबून ठेवलंत."

"हो. जायचंच होतं, मग सांगून काय करणार होतो... पुढचं गाव मात्र सहा महिन्यांचं आहे. येईन म्हणालो तर खरं वाटेल?"

"तुम्हाला वाटतंय का खरं?"

त्याने विचार केला. तो विचार करतोय हेच मला पुरेसं होतं, आणि तेच जड जात होतं.

"आज तरी वाटतंय," तो म्हणाला.

दुकानाचं शटर ओढून घेऊन आम्ही बसथांब्यापर्यंत चालत गेलो. पाऊस बारीक होता. डॉक्टर सारखा ठोंब्याच्या डाव्या अंगाला चालत होता, खांब आला की गुडघ्याने त्याला हलकेच आत ढकलत होता. बस आली. त्याने माझ्या मनगटावर क्षणभर हात ठेवला, मग ठोंब्याच्या डोक्यावर, आणि तो चढला.

परत फिरताना ठोंब्या पहिल्याच खांबावर आपटला. तो जागीच थांबला, गोंधळून. मी साखळी दुसऱ्या हातात घेतली आणि त्याच्या डाव्या बाजूला गेले.