पूर्ण एक मिनिट

दुपारी तीनचा सुमार. जेवणं आटोपली होती, भेटायला आलेली माणसं परतली होती आणि वॉर्ड पेंगुळला होता. सिस्टरनी तिला कोमट पाणी आणि दोन स्वच्छ पंचे आणायला सांगितले. काम तसं साधंच. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी तासाभरापूर्वी गेल्या होत्या. त्यांचं अंग पुसून द्यायचं होतं.

"मी कागद करून येते," सिस्टर म्हणाल्या. "तोवर त्यांना एकटं सोडायचं नाही. आणि आज पळायचं नाही, कळलं का?"

दारातल्या मावशी फिसकन हसल्या. "बाहेरून कडी घालू का, सिस्टर? पळपुटी आहे आमची ती."

नाव खोटं नव्हतं. नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी ती दोनदा वॉर्डमधून पळाली होती. छातीत धडधड सुरू झाली की पाय ऐकतच नसत. तिसऱ्यांदा पळाली तर कॉलेजच्या मॅडम तिच्या प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही करणार नव्हत्या. बॅग भरून घरी जायचं. आणि आई रोज न चुकता फोनवर सांगे, "चार आकडे मोजत श्वास घे, बाळा. सगळं निभावतं." त्या आईसमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

मावशींच्या चपलांचा आवाज दूर गेला. खोलीत जंतुनाशकाचा उग्र वास होता, आणि त्याच्याखाली आणखी कसला तरी, गोडसर. तिनं पडदा ओढून घेतला.

हात लावण्याआधी रुग्णाला सांगायचं, अशी शिकवण होती. गेलेल्या माणसालाही.

"आजी, तोंड पुसते हं."

चार दिवसांत आजी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. त्यामुळे ही शांतता काही नवी नव्हती.

"आता उजवा हात उचलते."

हात हलका लागला. फारच हलका. जणू तो आपणहूनच वर आला होता.

धडधड सुरू झाली. एक, दोन, तीन, चार... श्वास आत. एक, दोन, तीन, चार... श्वास बाहेर. तिचा श्वास संपला, तरी श्वास सोडल्याचा आवाज अजून थोडा वेळ येतच राहिला.

ती दारापाशी पोचली, हँडल धरलं. पलीकडे उजेड होता, माणसं होती. आणि घरी न्यायची बॅग. तिनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि माघारी फिरली.

"आजी... डावा हात राहिलाय."

तो पुसून झाला, पण खाली ठेवता येईना. तिच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, आजींची तीन बोटं टेकली होती. गार, हळुवार, अगदी नेमक्या जागी. पहिल्या आठवड्यात शिकवतात तशी.

तिनं हात ओढला. बोटं घट्ट झाली.

"आजी... सोडा ना..."

बोटं हलली नाहीत. ती नाडी मोजत होती. त्यांच्याखाली आपली शीर उडतेय हे तिला कळत होतं. समोरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एवढा सावकाश फिरताना तिनं कधी पाहिला नव्हता. पूर्ण एक मिनिट. मग बोटं सैल झाली आणि हात चादरीवर पडला. जड, निर्जीव.

ती पळाली नाही. कशी, ते तिचं तिलाच ठाऊक नाही. पाय पुसले, केस सारखे केले, अंगावर नवी चादर घातली.

सिस्टर आल्या आणि क्षणभर बघतच राहिल्या. "किती मायेनं केलंस गं! आता ट्रॉलीसोबत खाली शवागारात तूच जा. तिथं ताबा देईपर्यंत त्यांच्याजवळच थांबायचं. परत आलीस की सही मी स्वतः मागते तुझ्यासाठी. तो चार्ट घे बरोबर."

महिन्यात पहिल्यांदाच तिचे डोळे आनंदानं भरून आले. तिनं कॉटच्या पायथ्याचा चार्ट उचलला. दोनच्या नोंदीखाली डॉक्टरांनी रेघ मारून सही केली होती. त्या रेघेखाली, थरथरत्या, जुन्या वळणाच्या अक्षरांत, आणखी एक ओळ होती. शाई अजून ओली.

'नाडी एकशे अठ्ठावीस. मुलगी घाबरली आहे. चार वाजता पुन्हा बघणे.'

दारात ट्रॉलीची चाकं कुरकुरली. पावणेचार झाले होते.