सावलीची फिल्म

ते दिवस रंगीत स्लाइडचे होते. थोरलीचा कॅमेरा जुना, पण तिचा अंदाज सहसा चुकत नसे. लख्ख उन्हाला कमी वेगाची फिल्म, ढगाळ दिवसाला जास्त वेगाची. सावलीत चेहरे निळसर येतात, म्हणून तिथे उबदार रंगांची. स्लाइडचं असंच असतं. एकदा बटण दाबलं की मागून सारवासारव नाही.

धाकटी नुकतीच मरणाच्या दारातून परत आली होती. परगावी अंथरुणाला खिळलेल्या आईचा नुसत्या सांगण्यावर विश्वास बसेना. पोरीच्या गालांवर रंग आलाय का, ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून थोरलीनं उन्हाची फिल्म घातली आणि भर दुपारी बहिणीला गच्चीवर उभं केलं.

खोलीत अंधार करून प्रोजेक्टरनं स्लाइड भिंतीवर पाडून बघितल्या. गच्ची पांढरीशुभ्र, दोरीवरचा टॉवेल लालभडक. धाकटीचा चेहरा तेवढा निळसर राखाडी.

फिल्मवाल्यानं स्लाइड उजेडाला धरली आणि हा सावलीतला फोटो आहे म्हणाला. गच्चीवर सावली धरायला झाडाचं पानसुद्धा नाही, असं थोरलीनं सांगितलं. तो हसला.

"टॉवेलवर ऊन आणि बाईवर सावली? मग सूर्यालाच विचारा, ताई."

तिनं पुन्हा फोटो काढले, धाकटीला टॉवेलला खेटून उभं करून. कॅमेरा हाताला चटके देत होता. धाकटीनं शाल मागितली.

टॉवेल लाल. धाकटी निळी.

आईचे निरोपावर निरोप येत होते. शेवटी थोरलीनं आयुष्यात पहिल्यांदाच उन्हाकडे न बघता माणसाकडे बघून फिल्म निवडली. सावलीची. धाकटीची हौस म्हणून शेवटचा फोटो तिला काढू दिला आणि स्वतः दोरीपाशी जाऊन उभी राहिली.

या वेळी हळद सांडल्यासारखी गच्ची पिवळी आली, टॉवेल नारिंगी. उन्हातलं सगळंच त्या फिल्मनं पिवळं करून टाकलं होतं. मधोमध धाकटी, गुलाबी गालांची, दुखण्याआधी होती तशी. आईला पाठवायला एवढं पुरे होतं. थोरलीनं सुस्कारा सोडला.

मग धाकटीनं काढलेली स्लाइड आली. गच्ची पिवळी. टॉवेल नारिंगी.

थोरली पिवळी नव्हती.

"बघ ताई," अंधारातून धाकटी म्हणाली, "तूपण किती छान आलीस. अगदी माझ्यासारखी."