आखडलेल्या हातांचा वर्ग

तिनं घाईघाईनं दार ढकललं आणि ते थेट त्याच्या नाकावर आदळलं.

"अगंबाई! लागलं का हो?"

"नाकाचं जाऊ द्या... चष्मा शाबूत आहे का बघा. चष्म्याच्याच दुकानात कामाला आहे, फुटका घालून गेलो तर गिऱ्हाइकं पळतील."

ती हसली. हसायला नको होतं, पण हसली.

व्यायामोपचाराच्या त्या खोलीत तो आत्याला घेऊन आला होता, ती बाबांना. आत्यानंच त्याला लहानाचा मोठा केलेला. तिचे बाबा पोहायला शिकवायचे. त्यांच्या हाकेनं अख्खा तलाव दणाणायचा. पक्षाघातानंतर आत्या आणि बाबा, दोघांच्याही एका हाताची मूठ अशी आवळली होती की नखं तळव्यात रुतायची.

"घरी रोज ताण द्यावा लागेल," उपचार करणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "आधी एकमेकांच्या हातावर शिका."

त्यानं तिचा हात हातात घेतला. मनगट किंचित वाकवलं, अंगठा अलगद बाहेर काढला, मग एकेक बोट उलगडलं...

"सावकाश," मॅडम म्हणाल्या. "झटका दिलात तर स्नायू आणखी आखडतो. धरून थांबायचं. तो आपणहून सैल पडतो."

"दुखलं तर सांगा हं," तो पुटपुटला.

"दुखत नाहीये."

"मग कान का लाल झालेत?"

"उकडतंय!"

"पंख्याखाली?"

तिचे बाबा खुर्चीतून खेकसले, "अहो चष्मेवाले, हात सोडा आता! आमच्या हाताचीही पाळी येऊ द्या!"

मग ठरलेल्या दिवशी दोघं भेटू लागले. ती शाळेत चित्रकला शिकवायची, तिच्या नखातला निळा रंग बघून तो म्हणायचा, "आज आकाश काढलं वाटतं?" बाबांची मूठ हळूहळू उघडू लागली. साबण लावून तळवा धुता येऊ लागला.

एका रिमझिमत्या संध्याकाळी, रिक्षाची वाट बघताना, तो म्हणाला, "मला दुसऱ्या गावी दुकान सांभाळायला बोलावलंय. आत्याला नेतोय. तुम्ही... याल?"

"म्हणजे?"

"म्हणजे लग्न करून. बाबांनाही नेऊ."

हो म्हणायचं होतं, तोंडातून मात्र भलतंच आलं, "बाबांचा हात आत्ता कुठे सुधारतोय. इथलं सगळं सोडून... एवढं सोपं नसतं हो."

त्यानं हट्ट केला नाही. "विचार करा. मी थांबतो," एवढंच म्हणाला. थांबलाही. दर भेटीत तो तिच्याकडे बघायचा, आणि ती बाबांच्या बोटांकडे. शेवटी तो गेला.

बाबांना हे कळलं ते बऱ्याच महिन्यांनी, तिच्याच तोंडून. ते इतके चिडले की बोलताना जीभ अडखळली. "माझा हात... आड आणलास? पाण्यात उडी मारायची भीती तुला वाटली, आणि नाव माझं!"

खरंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, रिकाम्या वर्गातून तिनं फोन लावला. आत्यानं उचलला. शब्द जड होते, पण आनंद मावत नव्हता. "बरं झालं पोरी, फोन केलास! साखरपुडा झाला याचा... थांब, देते त्याला."

ती फोन ठेवणार, तेवढ्यात त्याचा आवाज आला. "बाबा कसे आहेत?"

"छान आहेत. अभिनंदन..." तिनं डोळे मिटले. "ऐका ना. आता सांगून उपयोग नाही. पण त्या संध्याकाळी मला हो म्हणायचं होतं. बाबांचं निमित्त केलं मी. घाबरले होते."

"माहीत होतं मला," तो म्हणाला. "म्हणून तर थांबलो होतो."

"आणि... आता?"

"आता उशीर झाला गं."

इतक्या दिवसांत तो तिला पहिल्यांदाच ‘गं’ म्हणाला होता.