नकाशावरची बारा मिनिटं

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं आणि चष्म्याची एक काच गायब होती. चष्म्यांचं ते दुकान तिच्या मामाचं. डोळे तपासायचं काम तिचं.

"पडलात?"

"धावत होतो. मागच्यांना हाक मारायला वळलो आणि..."

"मागे किती जण होते?"

"दोघी." तो ओशाळला. "धावण्याचा क्लब आहे आमचा. सगळे मिळून पाच."

तिला हसू आवरेना. यंत्रावर हनुवटी टेकवायला लावून तिने त्याला वर बघायला सांगितलं, खाली बघायला सांगितलं. मग "आता माझ्याकडे" म्हणताना तिचाच आवाज जरा घसरला. शाळेत खेळ शिकवणारा तो माणूस पापणीही न लववता बघत राहिला.

"पाच जणांचा कसला आलाय क्लब! सोशल मीडियावर पेज काढा, फोटो टाका."

"मला नाही जमत ते."

"मला जमतं."

झालं! उन्हं अंगावर आल्याशिवाय न उठणारी ही बया रोज पहाटे मैदानावर हजर. धापा टाकणारे चेहरे, निवृत्त नर्सबाईंचा पहिला किलोमीटर, सगळं ती पेजवर टाकायची. नव्या लोकांना रस्ता कळावा म्हणून त्याच्या घड्याळात उमटलेला नकाशाही टाकायची. तीन महिन्यांत पाचाचे साठ झाले. सगळे त्याला 'सर' म्हणत. ती मात्र "अहो धावपटू" अशी हाक मारायची, आणि नर्सबाई गालात हसायच्या.

त्या नकाशांनीच घात केला. दर रविवारी सगळे पांगल्यावर त्याची रेघ एकटीच एका गल्लीत शिरायची आणि एका घरासमोर बारा मिनिटं थांबायची. तिला वाटलं, कुणीतरी मुलगी असणार! सरळ विचारायची हिंमत नव्हती, म्हणून शनिवारी तिने थट्टेचा आव आणला. त्या घराभोवती लाल गोल काढून लिहिलं, 'सर इथे कुणासाठी थांबतात? ओळखा पाहू!'

संध्याकाळपर्यंत आठशे जणांनी ते पाहिलं. रविवारी तो मैदानावर आलाच नाही.

सोमवारी ती त्याच्या शाळेत गेली. तो चेंडूंमध्ये हवा भरत होता.

"ते माझ्या वडिलांचं घर आहे," मान वर न करता तो म्हणाला. "त्यांचं शिवणकामाचं दुकान मी नको म्हटलं. चार वर्षं झाली, माझं तोंड बघत नाहीत. रविवारी ते झाडांना पाणी घालतात... मी लांबून बघतो, एवढंच. काल गेलो, तर अंगण रिकामं. पडदे ओढलेले. शेजाऱ्यांनी दाखवलं असणार त्यांना."

तिचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, तिथे कुणी मुलगी असेल... आणि मला ते सोसवेना. तुम्ही मला आवडता. पण म्हणून तुमचं एवढंसं सुख चव्हाट्यावर मांडायचा मला काय अधिकार होता?"

पंप थांबला.

"हे आधी बोलली असतीस तर..." पहिल्यांदाच तो तिच्याशी एकेरीत बोलला.

"पोस्ट काढून टाकलीय मी. पण त्याने काय होणार! मी त्यांची माफी मागायला जाते. तुम्ही नाही आलात तरी चालेल."

तो आला. पण फाटकापाशी तो थबकला. वीस किलोमीटर सहज धावणाऱ्या माणसाला चार पावलं टाकवेनात. शेवटी बेल तिनेच दाबली.

दार उघडलं. गळ्यात माप घ्यायची फीत अडकवलेले वडील मुलाकडे नखशिखांत बघत राहिले.

"किती बारीक झालास!" ते म्हणाले. "लोक हसतील म्हणून पडदा ओढला रे काल. पण फटीतून बघत होतो... तू आलास का ते."

वडिलांनी डोळे पुसले आणि तिच्याकडे पाहिलं.

"ही कोण?"

त्याने तिचा हात धरला.

"तो नकाशा हिनेच टाकला, बाबा. आणि... मला ही आवडते."

"मग तिला दारात काय उभी करतोस?" म्हणत वडील बाजूला झाले.